घरच्या टाकीत दुर्मीळ माशांची पैदास लोक नेमकी कशासाठी करतात?

आपण विचारले आहे की, शोभिवंत माशांच्या शेकडो जाती बाजारात सहज मिळत असताना काही माणसे दुर्मीळ जाती हुडकून घरी त्यांची वीण घेण्याचा एवढा खटाटोप का करतात. यामागे पैसा असतो, निसर्गसंवर्धन असते की निव्वळ हौस? मी बरीच वर्षे घरी किलीफिश (लहान, रंगीत मासे) आणि काही जातींचे कॅटफिश (मिशांचे मासे) वाढवत आले आहे आणि हेच करणाऱ्या अनेकांशी माझा नेहमीचा संबंध आहे. त्यावरून सांगते की सुरुवात बहुतेकांची कुतूहलातून होते, आणि पुढे टिकतात ते ज्यांना त्या कुतूहलापोटीच माशांबद्दल जबाबदारी वाटू लागते. पैसा, नाव आणि संवर्धन या प्रेरणा खोट्या नाहीत, पण त्या मागाहून येऊन जोडल्या जातात.

मासा नुसता पाळायचा असेल तर स्वच्छ पाणी, योग्य तापमान आणि वेळच्या वेळी खाद्य एवढ्यावर भागते. त्याची वीण घ्यायची म्हटली की तो मुळात कुठल्या पाण्यातला, तिथे पाऊस केव्हा पडतो, पाण्याचा जडपणा आणि सामू (आम्लता) किती, प्रवाह संथ की जोरदार, हे सगळे समजून घ्यावे लागते. कोरीडोरस या लहान कॅटफिशच्या बऱ्याच जाती महिनोन्‌महिने टाकीत सुखाने राहतात, पण अंडी घालत नाहीत. मग टाकीतले बरेचसे पाणी काढून त्याऐवजी काही अंशांनी थंड आणि मऊ पाणी घातले की नर एकाएकी माद्यांच्या मागे लागतात, कारण त्यांच्या मूळ प्रदेशात असे पाणी पावसाबरोबर येते. मादी पोटाखालच्या दोन परांची ओंजळ करून तीत दोन-चार अंडी धरते, काच किंवा पान तोंडाने साफ करते आणि तिथे ती अंडी चिकटवते. माशाने हे केले, म्हणजे त्याच्या गरजा आपल्याला कळल्या अशी त्याच्याकडूनच पोच मिळते. ज्या जातीबद्दल फारसे कुठे लिहिलेलेच नाही, तिच्याबाबतीत ही पोच मिळण्याचे समाधान कितीतरी मोठे असते, आणि माझ्या मते या छंदाची मूळ ओढ तीच आहे.

माझ्या स्वतःच्या आवडीचे मासे नोथोब्रँकियस या किलीफिशच्या वंशाचे आहेत. पूर्व आफ्रिकेत पावसाळ्यात भरणाऱ्या आणि नंतर कोरड्या पडणाऱ्या डबक्यांत ते राहतात. डबके आटले की सगळे प्रौढ मासे मरतात आणि चिखलात पुरलेली अंडी तेवढी पुढच्या पावसाची वाट पाहत राहतात. या वंशातील नोथोब्रँकियस फुरझेरी हा मासा निसर्गात अंड्यातून बाहेर पडल्यापासून अवघ्या १४ दिवसांत प्रजननक्षम होऊ शकतो, असे अभ्यासकांनी नोंदवले आहे. टाकीत आम्ही चिखलाऐवजी पीट, म्हणजे दलदलीतल्या कुजलेल्या शेवाळाचा भुगा, वापरतो. मासे त्यात अंडी घालतात. मग ते पीट पिळून, चुरगळलेल्या तंबाखूइतके ओलसर राहील असे सुकवून पिशवीत बंद करायचे आणि पिशवीवर जातीचे नाव, ते मासे मुळात जिथून आणले त्या ठिकाणाचा संकेत व तारीख लिहून ठेवायची. जातीप्रमाणे काही आठवडे ते कित्येक महिने गेल्यावर भिंगाखाली पाहिले तर अंड्याच्या आत सोनेरी कडा असलेले दोन डोळे दिसू लागतात. अशी पुष्कळ अंडी दिसली की पीटवर थंडसर पाणी ओतायचे. काही तासांत पिल्ले पोहू लागतात आणि त्याच दिवशी नुकतेच फुटलेले आर्टेमिया हे कोळंबीसारखे सूक्ष्म जीव खाऊन त्यांची पोटे नारिंगी दिसतात. सगळी अंडी मात्र एकदम फुटत नाहीत. पहिला पाऊस फसवा निघाला आणि डबके लगेच आटले तरी वंश बुडू नये म्हणून काही अंडी मुद्दाम मागे राहतात, आणि म्हणूनच आम्ही तेच पीट पुन्हा सुकवून ठेवतो व काही आठवड्यांनी पुन्हा भिजवतो. पुस्तकात हे वाचणे वेगळे आणि कोरडी म्हणून बाजूला ठेवलेली पिशवी दुसऱ्यांदा भिजवल्यावर तीतून पिल्ले निघताना पाहणे वेगळे.

आता पैशाविषयी. दुर्मीळ माशाला चांगली किंमत येते हे खरे, पण जो मासा घरी सहज वाढतो तो फार काळ दुर्मीळ राहत नाही, आणि जो दुर्मीळच राहतो तो बहुधा संथ आणि अवघड असतो. झेब्रा प्लेको हे याचे ठळक उदाहरण आहे. काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा हा कॅटफिश केवळ ब्राझीलच्या शिंगू नदीच्या एका भागात आढळतो. ब्राझीलने त्याच्या निर्यातीवर बंदी घातली, तरी चोरटा व्यापार चालूच राहिला. त्यात बेलो मोन्ते धरणामुळे त्या भागातील नदीचा प्रवाहच बदलला, आणि २०२२ मध्ये साइट्स या, संकटग्रस्त जीवांच्या व्यापारावरील आंतरराष्ट्रीय करारात या माशाला अधिक कडक संरक्षण मिळाले. अशा माशाची वीण घेणाऱ्याला नर-मादी वयात येईपर्यंत दोन-तीन वर्षे थांबावे लागते. नंतर नर एका अरुंद नळीसारख्या गुहेत मादीला घेतो, अंडी घालून झाली की तिला बाहेर काढतो आणि पंधराच्या आसपास अंड्यांवर रात्रंदिवस परांनी वारा घालत बसतो. अंडी फुटल्यावरही पिल्लांच्या पोटातील पिवळा बलक संपेपर्यंत तो जागा सोडत नाही. उबदार पाणी, भरपूर प्राणवायू, न थांबणारे पंप, खाद्य आणि इतकी कमी पिल्ले यांचा हिशेब मांडला तर हाती फार काही उरत नाही. मिळकतीतून पुढच्या टाकीचा खर्च निघाला तरी पुष्कळ झाले, असे मानणारेच यात दिसतात. एक गोष्ट मात्र मला महत्त्वाची वाटते: घरी वाढलेले मासे कायदेशीर मार्गाने उपलब्ध झाले की नदीतून चोरून आणलेल्या माशाची गरज आणि ओढ कमी होते.

संवर्धनाची प्रेरणा खरी आहे, पण तिच्याबद्दल बोलताना शब्द जपून वापरले पाहिजेत. मेक्सिकोच्या हालिस्को राज्यातील टेउचित्लान नदीत टेकिला स्प्लिटफिन नावाचा, बोटाएवढाही नसलेला मासा राहत असे. तो गुडिड कुळातला आहे. या कुळातील मेक्सिकोच्या माशांच्या माद्या जिवंत पिल्ले देतात आणि बहुतेकांत गर्भाला फितीसारख्या तंतूंमधून आईकडून पोषण मिळते. प्रदूषण आणि बाहेरून आलेले मासे यांमुळे तो नदीतून नाहीसा झाला, पण हौशी लोकांच्या टाक्यांत शिल्लक होता. १९९८ मध्ये इंग्लंडच्या चेस्टर प्राणिसंग्रहालयाच्या साहाय्याने त्याच्या पाच जोड्या मेक्सिकोतील मिचोआकान विद्यापीठाच्या मत्स्यालयात पोहोचल्या. त्या दहा माशांपासून वाढलेली वसाहत तिथल्या संशोधकांनी पंधरा वर्षे सांभाळली. पुढे ४० नर आणि ४० माद्या कृत्रिम तळ्यांत सोडून त्यांना नैसर्गिक अन्न, शत्रू आणि परजीवी यांची सवय होऊ दिली आणि चार वर्षांत त्यांची संख्या सुमारे १०,००० झाल्यावर १,५०० मासे मूळ नदीत सोडले. ते तिथे रुजले. त्याच नदीतील गोल्डन स्किफिया हा दुसरा मासा २०२२ मध्ये अशाच पद्धतीने परत सोडण्यात आला. हे काम विद्यापीठाचे, प्राणिसंग्रहालयाचे आणि नदीकाठच्या लोकांचे आहे. मात्र त्याला लागणारे बीज टाक्यांत जपलेले होते, आणि मला वाटते की ते जपणाऱ्यांतील बऱ्याच जणांना मुळात तो मासा आवडला होता, एवढेच कारण असावे.

मात्र टाकीतला प्रत्येक दुर्मीळ मासा म्हणजे वाचवलेली जात, असे समजू नये. रेडटेल शार्क या नावाने सर्वत्र विकला जाणारा, काळ्या अंगाचा आणि लाल शेपटीचा मासा मत्स्यशेतांवर संप्रेरके टोचून प्रचंड प्रमाणात वाढवला जातो, तरी थायलंडमधील त्याच्या मूळ नद्यांत तो अत्यंत संकटग्रस्त आहे. शेतांवरचे मासे कुठल्या नदीचे, त्यांत कशाचा संकर झाला, याची नोंदच नसल्यामुळे त्यांचा नदीला तसा उपयोग नाही. म्हणूनच गंभीरपणे पैदास करणारी माणसे मूळ ठिकाणाच्या संकेतांवर एवढा भर देतात. एकाच जातीच्या, पण दोन वेगळ्या ओढ्यांतून आलेल्या किलीफिशना आम्ही एका टाकीत ठेवत नाही. योग्य नर नसला की मादी जवळच्या दुसऱ्या जातीच्या नराशीही जुळते आणि त्यांची पिल्ले वरवर अस्सल वाटतात, त्यामुळे संकराचा धोका तर सततचा आहे. एकाच जोडीची पिल्ले पिढ्यान्‌पिढ्या आपसांत वाढवली की वाकडे कणे, कमी अंडी, लहान आकार असे दोष दिसू लागतात. त्यावर उपाय म्हणजे त्याच ठिकाणचे मासे सांभाळणाऱ्या दुसऱ्या माणसाशी अदलाबदल. या कामाचा हा भाग कंटाळवाणा वाटेल, पण पैदास करणारा आणि नुसता संग्रह करणारा यांतला फरक मला इथेच दिसतो.

संग्राहकाचा अभिमान हीसुद्धा एक प्रेरणा आहे आणि ती मला काळजीची वाटते. आपल्याखेरीज हा मासा कुणाकडेच नाही यात ज्याला गोडी वाटते, तो पिल्ले वाटायला नाखूश असतो, आणि एका रात्री वीज गेली किंवा हीटर बिघडला की सगळे संपते. मादागास्करमधील मांगाराहारा सिक्लिड या माशाबाबत २०१३ मध्ये अशी वेळ आली की लंडन प्राणिसंग्रहालयाकडे केवळ नर उरले होते आणि मादीसाठी जगभरच्या मासे पाळणाऱ्यांना आवाहन करावे लागले. पुढे शोधमोहिमेत निसर्गातच त्यांचा एक छोटा गट सापडला म्हणून जात वाचली. म्हणून माझ्याकडे एखाद्या जातीची पिल्ले हाताशी आली की पहिली तुकडी मी निराळ्या घरांत पाठवते. किलीफिशची अंडी ओलसर पीटमध्ये साध्या टपालानेही जातात, आणि पाठवलेल्या अंड्यांतून पिल्ले निघाल्याचे समोरच्याने कळवले की स्वतःच्या टाकीतल्या यशाइतकाच आनंद होतो. माणसे जोडली जाणे हा या छंदाचा दुय्यम लाभ आहे असे लोक समजतात. माझ्या मते त्यावाचून कुठलीही जात टाक्यांत फार पिढ्या टिकत नाही.

आपल्या मनात स्वतः सुरुवात करण्याचा विचार असेल, तर पहिलीच जात अतिदुर्मीळ घेऊ नये. एखादी सोपी किलीफिश किंवा कोरीडोरसची जात घेऊन अंड्यांपासून प्रौढ माशांपर्यंतची एक पूर्ण पिढी वाढवून पाहावी, स्पंज फिल्टर आणि जिवंत खाद्य यांचे तंत्र हाती बसू द्यावे, आणि मगच आपल्याला खरोखर भावलेली एखादी कमी प्रचलित जात निवडून तिच्यासाठी स्वतंत्र टाक्या राखाव्यात. दहा जातींची एकेक जोडी ठेवण्यापेक्षा एका जातीच्या तीन-चार टाक्या केव्हाही बऱ्या. मासे घेताना ते कुठून आले हे विचारून लिहून ठेवावे, माहिती मिळाली नाही तर तसेही लिहावे. जास्तीची पिल्ले जवळच्या नदीत किंवा तळ्यात कधीही सोडू नयेत, कारण टेउचित्लानचे मूळ मासे संपण्यामागे बाहेरून आलेल्या माशांचाही हात होता. आणि पहिली वीण मिळण्याआधीच, ती कुणाकडे द्यायची अशी दोन माणसे शोधून ठेवावीत.