दुकानदार पैसे धरून गप्प बसला तर?

प्रश्न : मी नाशिकरोडला राहतो, प्रेसमधून निवृत्त झालो. मॉडेल रेल्वेचा जुना नाद आहे. गच्चीवरच्या खोलीत कसारा घाटाचा लेआउट उभारतोय. घाटात पूर्वी धावणाऱ्या ‘खेकडा’ इंजिनाशी मिळतंजुळतं म्हणून एका युरोपियन कंपनीचं एचओ स्केलमधलं (खऱ्याच्या १/८७ आकाराचं) स्विस ‘क्रोकोडाइल’ इंजिन घ्यायचं ठरवलं. ऑगस्ट २०२३ मध्ये पुण्याच्या एका दुकानाच्या वेबसाइटवर दोन नगांची प्री-ऑर्डर दिली. किंमत प्रत्येकी ३८,०००. निम्मी रक्कम, म्हणजे एकूण ३८,००० रुपये, यूपीआयने भरली. साइटवर ‘जून २०२४’ लिहिलं होतं. मग दिवाळी सांगितली, मग ‘फॅक्टरीचा स्लॉट हुकला’. मार्च २०२५ मध्ये ‘ड्यूटी वाढली, नगामागे ६,५०० जादा लागतील’ असा मेसेज आला. मी नाही म्हटल्यावर ‘अ‍ॅडव्हान्स नॉन-रिफंडेबल आहे’ एवढीच ओळ आली. त्यानंतर मेसेज वाचल्याच्या निळ्या खुणा दिसतात, उत्तर येत नाही. दरम्यान मुंबईच्या एका हौशी मित्राला दुसऱ्या दुकानातून हेच इंजिन मिळालंसुद्धा. अटींमध्ये ‘वाद फक्त पुण्यात चालतील’ असं आहे. पैसे मिळतील का? कंपनीवरच केस करू का? पोलिसांत जाऊ का? (दुसरं इंजिन विकून पहिल्याचा खर्च काढायचा विचार होता.)

उत्तर : तुमच्या पत्रातला सगळा राग उशिराचा आहे. तो समजण्यासारखा आहे, पण तक्रार लिहायला बसाल तेव्हा उशिरापासून सुरुवात करू नका. तुमच्या हातातला तो सर्वांत कच्चा मुद्दा आहे.

या धंद्यात तारखा हलतात, आणि त्यामागे दर वेळी लबाडी असतेच असं नाही. युरोप-ब्रिटनच्या बऱ्याच नामांकित कंपन्यांचा माल चीनमधल्या कारखान्यांत बनतो. संगणकावरचं ड्रॉइंग, पोलादी साचे, साच्यातून निघालेला पहिला नमुना, मग रंगवलेला नमुना, आणि त्यानंतर कुठे कारखान्याच्या वेळापत्रकात उत्पादनाची पाळी. ती हुकली की काही महिने गेलेच. कधी कारखानाच गोत्यात येतो. २००८ मध्ये सांडा कान या मोठ्या उत्पादकाची आर्थिक स्थिती बिघडली आणि बाखमान या मॉडेल रेल्वे ब्रँडच्या मालक कंपनीने तो विकत घेतला. २०१८ मध्ये अफा नावाचा कारखाना बंद पडला, तेव्हा अमेरिकेतल्या काही कंपन्यांचं वेळापत्रक कोलमडलं. दुकानदाराचा वकील हे सगळं ग्राहक आयोगापुढे मांडेल, आणि ते ऐकायला पटण्यासारखं असेल. शिवाय साइटवर ‘अपेक्षित’ हा शब्द असेल, तर जून २०२४ ही पक्की मुदत नव्हती असंही म्हणेल. मूळ पानाचा स्क्रीनशॉट काढा आणि नेमकं काय लिहिलं होतं ते बघा.

पण मुदत पक्की नसली, तरी ‘कधीही दिला तरी चालेल’ असा अर्थ होत नाही. १९३० च्या माल विक्री कायद्याचं कलम ३६ सांगतं की वेळ ठरलेली नसेल तर विक्रेत्याने वाजवी वेळेत माल पाठवला पाहिजे. हीच गोष्ट १८७२ च्या करार कायद्याचं कलम ४६ सर्वसाधारण करारांना लावतं. वाजवी म्हणजे किती, हे परिस्थितीवर ठरतं, आणि इथे तुमच्या मुंबईच्या मित्राचं इंजिन कामाला येतं. तोच माल, त्याच कंपनीचा, दुसऱ्या दुकानातून ग्राहकाच्या घरी पोचलाय. म्हणजे कारखान्याची सबब त्या दिवसापासून संपली. आता दोनच शक्यता राहतात : या दुकानाला वितरकाकडून कमी माल मिळाला, किंवा त्याने तुमच्या पैशांची ऑर्डर पुढे नोंदवलीच नाही. दोन्हींपैकी कुठलीही असो, ती त्याची डोकेदुखी आहे. मित्राकडून बिलाची प्रत आणि बॉक्सवरच्या आयटम नंबरचा फोटो घ्या. तो नंबर तुमच्या ऑर्डरमधल्या नंबरशी अक्षरश: जुळला पाहिजे. एका इंजिनाच्या साउंडवाल्या आणि बिनसाउंडच्या आवृत्तींचे नंबर वेगळे असतात, आणि समोरचा वकील नेमकं तेच शोधेल.

तुमचा खरा जोर आहे तो पैसे घेऊन गप्प बसण्यावर. स्वत:चा माल स्वत:च्या वेबसाइटवरून विकणाऱ्यालाही ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० लागू आहेत. त्याने तक्रार निवारण अधिकारी नेमायचा, त्याचं नाव आणि संपर्क साइटवर द्यायचा, तक्रारीची पोच ४८ तासांत द्यायची आणि एका महिन्यात ती निकाली काढायची. सांगितलेल्या वेळेपेक्षा माल उशिरा आला तर परतावा नाकारता येत नाही, असंही हे नियम म्हणतात. अपवाद फक्त दैवी आपत्तीसारख्या, हाताबाहेरच्या कारणाचा. बऱ्याच छोट्या दुकानांच्या साइटवर असा अधिकारीच नसतो. तुमच्या दुकानाच्या साइटवर नसेल, तर त्या रिकाम्या ‘संपर्क’ पानाचाही तारखेसकट स्क्रीनशॉट घ्या. व्हॉट्सअ‍ॅपवर ‘साहेब, काही कळलं का?’ असं विचारत राहण्यापेक्षा एक ई-मेल टाका आणि विषयात ‘तक्रार’ हा शब्द लिहा. ते ४८ तास तिथून सुरू होतील.

आता ते ६,५०० रुपये. इथे दुकानदाराच्या बाजूनेही कायदा आहे, हे आधीच सांगतो. माल विक्री कायद्याच्या कलम ६४-अ नुसार करारानंतर सीमाशुल्क वाढलं, तर वेगळं काही ठरलेलं नसल्यास विक्रेता ती वाढ किमतीत मिळवू शकतो. पण आयात खेळण्यांवरची ड्यूटी २०२० च्या अर्थसंकल्पात २० वरून ६० टक्के झाली आणि २०२३ च्या फेब्रुवारीत ७० टक्के. लहान आकाराची स्केल मॉडेल्स याच ९५०३ या शीर्षकाखाली येतात. तुमची ऑर्डर ऑगस्ट २०२३ ची, म्हणजे ७० टक्के ठाऊक असतानाच त्याने ३८,००० किंमत लावली. त्यानंतर कुठली वाढ झाली असेल, तर त्याने ती अधिसूचना दाखवावी. रुपया घसरला, वितरकाने भाव वाढवला, ही कारणं ६४-अ मध्ये बसत नाहीत. ‘किंमत बदलू शकते’ असं कलम तुम्ही मान्य केलं असेल, तर वादाला थोडी जागा आहे. नसेल, तर दर वाढवायला दोघांची संमती लागते आणि तुम्ही ती दिलेली नाही. कदाचित तो म्हणेल की माल कस्टममध्ये अडकलाय, आयएसआय मार्क मागताहेत. १ जानेवारी २०२१ पासून चौदा वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांना तो सक्तीचा आहे, आणि मोठ्यांसाठीचं मॉडेल त्यात येतं की नाही यावर भांडण होऊ शकतं. मग ‘बिल ऑफ एंट्री’ची, म्हणजे आयात मालासाठी कस्टममध्ये भरायच्या कागदाची, प्रत मागा. माल बंदरावर असेल, तर हा कागद असतोच.

‘नॉन-रिफंडेबल’ या शब्दाचा धाक घेऊ नका. ग्राहकाने करार मोडला तर काही रक्कम ठेवून घ्यायचा प्रश्न येतो, आणि तिथेही करार कायद्याचं कलम ७४ वाजवी भरपाईपुरतंच हात मोकळे ठेवतं. इथे माल न देणारा तो आहे. मात्र एक तांत्रिक सापळा आहे. ‘ही अट अन्यायकारक करार म्हणून रद्द करा’ अशी मागणी तक्रारीत घातलीत, तर ती बाब राज्य आयोगाच्या अखत्यारीत जाते. तुम्ही सेवेतली त्रुटी आणि अनुचित व्यापारी प्रथा एवढ्यावरच थांबा, म्हणजे प्रकरण नाशिकच्याच जिल्हा आयोगात राहील.

हो, नाशिकच्याच. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याच्या कलम ३४ ने तक्रारदार राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करण्याची मुभा दिली आहे. ‘वाद फक्त पुण्यात’ ही छापील ओळ त्या हक्काच्या आड येत नाही. जिल्हा आयोगाची मर्यादा ५० लाखांपर्यंत आहे आणि मोबदला (मालासाठी भरलेली रक्कम) पाच लाखांच्या आत असेल तर फी शून्य. तक्रार ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्या दाखल होते, वकील सक्तीचा नाही. (हे लिहिताना आमच्या वकिलीतले लोक माझ्याकडे कसे बघतील ते माहीत आहे, पण ३८,००० च्या दाव्यात वकिलाची फी देणं शहाणपणाचं नाही.)

कंसात लिहिलेली दुसऱ्या इंजिनाची गोष्ट मात्र कंसात ठेवण्यासारखी नाही. पुन्हा विकण्यासाठी माल घेणारा या कायद्याच्या व्याख्येत ‘ग्राहक’ नाही. तुम्ही व्यापारी नाही हे मलाही कळतं. छंदिष्ट मंडळी दोन घेतात, एक ठेवतात, एक देतात. पण छंदाच्या ग्रुपवर किंवा दुकानदाराला तुम्ही तसं लिहिलं असेल, तर तुमचाच मेसेज तुमच्यावर उलटेल आणि सगळी तक्रार संशयात येईल. म्हणून नोटिशीत पूर्ण ३८,००० मागा, तो करारातला हक्क आहे. आयोगात मात्र स्वत:साठी घेतलेल्या इंजिनाचे १९,००० आणि त्यावरचं व्याज एवढंच मागा. एक प्रकरण उभं राहिलं की दुकानदार दोन्हीचे पैसे मिटवायला येतो, असा अनुभव आहे. खोटं काही लिहू नका. उलटतपासणीत ते टिकत नाही.

कंपनीवर केस करायचा विचार सोडा. तुमचा करार तिच्याशी नाही. कायद्यातलं ‘उत्पादन दायित्वा’चं प्रकरण सदोष वस्तूने झालेल्या हानीसाठी आहे, उशिरासाठी नाही. शिवाय परदेशी कंपनीला प्रतिवादी केलंत की तिच्यावर नोटीस बजावण्यातच महिने जातील, आणि दुकानदार तोवर आरामात. पोलिसांचंही तसंच. व्यवहार ऑगस्ट २०२३ चा, म्हणून जुन्या भारतीय दंड संहितेच्या कलम ४२० खाली फसवणूक म्हणायची, तर पैसे घेतानाच माल द्यायचा इरादा नव्हता हे दिसायला हवं. तुमच्याकडे आज तसा पुरावा नाही. ‘हे दिवाणी आहे’ असं म्हणून ठाण्यातून परत पाठवतील. पण त्या दुकानाने एकच नग वीस जणांना विकल्याचं उघड झालं, तर गोष्ट वेगळी. तोवर ग्रुपवर ‘चोर’, ‘भामटा’ असं लिहू नका. अब्रुनुकसानीची नोटीस तुम्हालाच यायची.

मुदतीचं भान ठेवा. ग्राहक कायद्याचं कलम ६९ तक्रारीला दोन वर्षं देतं, आणि ती कुठून मोजायची यावर वाद होऊ शकतो. मार्च २०२५ चा नकार धरा म्हणणारे वकील भेटतील. मी सांगेन, जून २०२४ धरा, म्हणजे जून २०२६ च्या आत तक्रार दाखल झालेली असली पाहिजे. उशीर माफ करण्याचा अर्ज करता येतो, पण त्याची वेळ येऊ देऊ नये. घाईचं आणखी एक कारण आहे. ब्रिटनमधलं हॅटन्स हे १९४६ पासूनचं नावाजलेलं दुकान. जानेवारी २०२४ मध्ये त्यांनी धंदा गुंडाळत असल्याचं जाहीर केलं. तिथली बरीच दुकानं माल रवाना होईपर्यंत पैसे घेत नाहीत, आपल्याकडे निम्मे आगाऊ जातात. दुकानाला टाळं लागलं, तर ज्यांचं येणं आहे त्यांच्या रांगेत तुम्ही शेवटी असाल.

नोटीस पाठवण्याआधी घरात बसून एक गोष्ट ठरवा : इंजिन हवंय की पैसे? करार रद्द करून पैसे मागितलेत की रांगेतला नंबर गेला, आणि मर्यादित नगांचं इंजिन पुन्हा मिळेलच असं नाही. हे वकील ठरवू शकत नाही. माझं मत विचाराल तर पैसे मागा. जो दुकानदार साधं उत्तर देत नाही, तो उद्या इंजिनातला डिकोडर (इंजिन चालवणारी चिप) बिघडला तर काय करणार?

नोटीस एका पानाची पुरे. ऑर्डरची तारीख, आयटम नंबर, यूपीआयचा व्यवहार क्रमांक, दिलेल्या तारखा आणि हुकलेल्या तारखा, दरवाढीचा मेसेज, दुसरीकडे उपलब्ध झालेला माल. मग पंधरा दिवसांत ३८,००० रुपये ९ टक्के व्याजासह परत करा, आणि माझी ऑर्डर वितरकाकडे नोंदवल्याचा कागद दाखवा, एवढीच मागणी. मानसिक त्रासाचे पाच लाख लिहू नका, आयोगात त्याने हसं होतं. ई-मेलने आणि स्पीड पोस्टाने पोचपावतीसह पाठवा. सोबत १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवून क्रमांक घ्या. कधी कधी तेवढ्यानेच फोन येतो. व्हॉट्सअ‍ॅपचं संभाषण एक्स्पोर्ट करून ठेवा, फोन बदलू नका, आणि इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठी लागणारं, भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र जोडा.

आयोगाची नोटीस मिळाल्यावर उत्तर द्यायला त्याला ३० दिवस मिळतात, फार तर आणखी १५. त्यानंतर त्याचं म्हणणं घेतलंच जात नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने मार्च २०२० मध्ये हे पक्कं केलं आहे. निळ्या खुणा दाखवून गप्प बसायची सवय तिथे त्याला महागात पडेल.

नोटीस गेल्यावर ‘इंजिन आलंय, घेऊन जा’ असा फोन आला आणि तुमचं मन पाघळलं, तर जुन्याच किमतीला घ्या. उरलेली रक्कम देण्याआधी बॉक्स उघडतानाचा व्हिडिओ काढा. इंजिन रुळावर ठेवून दोन्ही दिशांना चालवून, दिवे लागतात का ते बघा. हे सगळं झाल्याशिवाय ‘माझी काही तक्रार नाही’ अशा कुठल्याही कागदावर सही करू नका. आणि दुसऱ्या नगाचे १९,००० त्याच दिवशी परत मागा.