कपाटामागची बुरशी: आधी हवा तपासू नका, भिंत तपासा

तुमचं म्हणणं थोडक्यात असं: सावंतवाडीजवळचं जुनं चिरेबंदी घर, आजोबांच्या पुस्तकांवर पांढरट थर, कपाटामागे भिंतीवर काळे डाग, आणि हवेचे नमुने घेऊन बुरशीची जात सांगतो म्हणणारा एक माणूस. पैसे द्यावेत का?

आत्ता देऊ नका. बुरशीचे बीजाणू बाहेरच्या हवेतही कायम असतात. अमुक आकड्यापुढे धोका, अशी सर्वमान्य मर्यादाच नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००९ च्या मार्गदर्शिकेतही ती दिलेली नाही. तिथे भर आहे तो ओल हटवण्यावर. रंगावरूनही घाबरू नका. अ‍ॅस्परजिलस नायजर काळी, क्लॅडोस्पोरियम काळपट आणि सगळे ज्या स्टॅकीबॉट्रिसची भीती घालतात तीही काळीच. डोळ्यांनी जात ओळखता येत नाही.

आधी ती बुरशीच आहे का ते बघा. भिंतीवरचं पांढरं बोटांत चुरून पाहा. खरखरीत लागलं आणि पाण्याच्या थेंबात विरघळलं, तर तो लोणा, म्हणजे ओलीबरोबर भिंतीतून वर आलेला क्षार. कातडी बांधणीवरचा पांढरा थर पुष्कळदा कातड्यातली चरबी वर आल्यामुळे असतो. किंचित ऊब दिली की तो विरतो. पानांतले तपकिरी ठिपके कागदात मुरलेले असतात, ब्रशने निघत नाहीत. खोली अंधारी करून टॉर्च पुस्तकाच्या पुठ्ठ्याला जवळजवळ टेकवून आडवा धरा. बुरशी असेल तर बारीक लव उभी राहिलेली दिसते. मऊ ब्रश हळूच फिरवल्यावर ती ओलसर फासली गेली तर वाढ चालू आहे. कोरड्या भुकटीसारखी सुटली तर निद्रिस्त. हे करताना एन-९५ मास्क आणि हातमोजे हवेतच. आणि ओल्या फडक्याने पुसू नका, डाग आत मुरतो.

खात्री हवी असेल तर पारदर्शक चिकटपट्टी डागावर दाबून काचपट्टीवर लावा आणि जवळच्या कॉलेजच्या वनस्पतिशास्त्र विभागात सूक्ष्मदर्शकाखाली दाखवा. तंतू आणि बीजाणू दिसले की प्रश्न मिटला. जात शोधण्याचा खर्च घरात कुणाला दमा असेल किंवा प्रतिकारशक्ती कमी असेल, आणि डॉक्टरांनी सांगितलं असेल, तरच.

पैसे घालायचेच तर आर्द्रतामापक घ्या. तो खरा आहे का ते घरीच कळतं: बाटलीच्या झाकणात मीठ घेऊन ते थोड्या पाण्याने दाटसर भिजवा, मापकासोबत घट्ट बंद पिशवीत रात्रभर ठेवा. सकाळी ७५ टक्क्यांच्या आसपास दाखवायला हवं. मग तो खोलीच्या मध्यावर न ठेवता कपाटामागे ठेवा. तिथे आकडा ६५ च्या वर टिकून राहिला तर पुस्तकं पुन्हापुन्हा सादळणार.

आमच्या वाचनालयात आम्ही दोन वर्षं दर गणपतीनंतर तीच पुस्तकं साफ करत होतो. तिसऱ्या जुलैत भर पावसात बाहेर उभं राहून पाहिलं, तर तडकलेल्या पन्हळीचं पाणी नेमकं त्याच कपाटामागच्या चिऱ्यांवरून ओघळत होतं. चिऱ्यांचा जांभा दगड पाणी पितो, हे माहीत असूनही आम्ही आतूनच बघत राहिलो होतो. तुम्हीही पुढच्या जोरदार सरीत आधी बाहेरची बाजू बघून या. तोवर कपाट भिंतीपासून वीतभर पुढे ओढा, डाग पडलेली पुस्तकं वेगळी काढून सावलीत, हवेशीर जागी ठेवा. डांबरगोळ्यांवर विसंबू नका. त्यांनी कसर लांब राहील, बुरशी नाही.