‘एक्सक्लूड’ला जर्मनमध्ये नेमकं काय म्हणायचं?

प्रश्न: मी जर्मन शिकतेय. ‘हे नाव लिस्टमधून एक्सक्लूड करा’ यासाठी डिक्शनरीत ‘आउसश्लीसन’ मिळालं, तेच वापरलं तर सरांनी खोडलं. का?

उत्तर: ताई, शब्द चुकीचा नाहीये, जागा चुकली. आउसश्लीसन म्हणजे शब्दशः बाहेर ठेवून दार बंद करणं, म्हणून ते माणसाला क्लबातून, पक्षातून काढताना किंवा एखादी शक्यता नाकारताना शोभतं. यादीतलं नाव मात्र श्ट्राइखन, म्हणजे रेघ मारून काढणं. कपड्यावरचा डाग एंटफेर्नन. आणि रेसिपीत मीठ घालायचंच नाही तर वेकलासन, आपलं ‘वगळणं’ अगदी इथे बसतं.

मला स्वतःला सगळ्यात आवडतं ते आउसनेमन. अपवाद करणं हा त्याचा अर्थ, ऑस्ट्रियात रस्त्यावरच्या पाटीवर ‘आउसगेनोमन’ लिहून पुढे सायकलवाले असं असतं, म्हणजे बंदी त्यांना लागू नाही, जर्मनीत त्याच जागी ‘फ्राय’, म्हणजे मोकळं, लिहितात, आणि हेच आउसनेमन बाजारात मासा साफ करताना, पोटातली घाण काढताना पण वापरतात! त्यामुळे कर्म काय आहे ते आधी बघायचं, क्रियापद मग.

अजून एक, आउसश्लीसनमधला ‘आउस’ साध्या वाक्यात सुटून शेवटी जातो: ‘वीअर श्लीसन ईन आउस’, आम्ही त्याला बाहेर काढतो. एंटफेर्ननचा ‘एंट’ मात्र कधीच सुटत नाही. माझ्या वहीत या दोघांची वाक्यं शेजारी शेजारी लिहिलीयत, तुम्हीपण तसंच लिहा.