जुन्या एसयूव्हीतला कंपनीचा सबवूफर फाटलाय. अ‍ॅम्प्लिफायर तोच ठेवून नुसता स्पीकर बदलता येईल का?

हो, येईल, फक्त नव्या स्पीकरचा इम्पीडन्स (विजेला होणारा अडथळा, तो ओहममध्ये मोजतात) जुन्याइतकाच हवा आणि तो जुन्या डब्यात खोलीला मावायला हवा. कंपनीचे अ‍ॅम्प्लिफायर बरेचदा २ ओहम किंवा त्याहून कमी लोडसाठी बनवलेले असतात. तिथे ४ ओहमचा सबवूफर लावला की मिळणारी पॉवर साधारण निम्मी होते आणि बास मेल्यासारखा वाटतो. उलट, कमी ओहमचा लावला तर अ‍ॅम्प्लिफायर तापतो, जळूही शकतो. म्हणून आधी जुन्याच्या वायरी काढून मल्टिमीटर लावा. आकडा छापील ओहमपेक्षा थोडा कमीच दिसतो, ४ ओहमचा कॉइल (स्पीकरमधलं तारेचं वेटोळं) ३.२ ते ३.६ दाखवतो. चार वायरी असतील तर कॉइल दोन आहेत. नवाही ड्युअल कॉइलचाच घ्या, अ‍ॅम्प्लिफायरच्या दोन्ही चॅनेलच्या (आउटपुटच्या) वायरी एकत्र पिळू नका.

बसवताना:
- मॅग्नेटमागे जागा सोडून डब्याची खोली मोजा.
- स्पीकरच्या दोन टोकांना १.५ व्होल्टचा सेल क्षणभर टेकवा. कोन (स्पीकरचा हलणारा पडदा) बाहेर आला तर सेलच्या प्लसकडचं टोक प्लस.
- कडेला फोमची पट्टी लावा, नाहीतर हवा गळून बास पातळ होतो.
- प्लॅस्टिकमधले स्क्रू हातानेच आवळा. ड्रिलने आटे हमखास जातात.

मात्र नुसती कडेची फोम रिंग बोटाने चुरा होत असेल आणि कोन दाबल्यावर आत खरखरत नसेल, तर स्पीकर बदलूच नका. फक्त रिंग नवी चिकटवून घ्या, आवाज मूळचाच राहतो.