पापणीवर पुन्हा पुन्हा येणारी गाठ

प्रश्न (सातारा) : आईचं वय ६८. वरच्या पापणीवरची गाठ रांजणवाडी समजून दोनदा चिरा देऊन काढली. आता तिसऱ्यांदा तिथेच आली आहे. शेक देत राहू का?

उत्तर : शेक थांबवा, बायॉप्सी (गाठीचा तुकडा काढून तपासणी) करून घ्या. उतारवयात त्याच जागी परत आलेल्या गाठीला रांजणवाडी समजून चालणं धोक्याचं आहे. पापणीत मायबोमियन नावाच्या तेलग्रंथी असतात, वरच्या पापणीत जास्त. त्यांतून उद्भवणारा सेबेशियस कार्सिनोमा हा कर्करोग पाश्चात्त्य देशांत दुर्मीळ आहे. तिथे पापणीला बहुतेक करून बेसल सेल कार्सिनोमा हा त्वचेचा कर्करोग होतो. आपल्याकडे मात्र पापणीच्या कर्करोगांत सेबेशियसचा वाटा बराच मोठा आहे. त्यामुळे परदेशी माहिती वाचून निर्धास्त राहू नका. गाठ टणक, पिवळसर असते, सहसा दुखत नाही. त्या जागचे पापणीचे केस झडले असतील तर माझा संशय लगेच बळावतो. आधी काढलेला भाग पॅथॉलॉजीला पाठवला होता का, हेही विचारा. पाठवला असेल तर त्याच स्लाइड्स नेत्रकर्करोगाचा अनुभव असलेल्या पॅथॉलॉजिस्टकडून पुन्हा तपासून घ्या. आणि कोणतीही गाठ काढली की ती तपासायला गेलीच पाहिजे; हा आग्रह तुम्हीच धरा.

प्रश्न (नागपूर) : बाबांचा उजवा डोळा कित्येक महिने लाल आहे. थेंब बदलून पाहिले, फरक नाही. गाठ तर दिसत नाही.

उत्तर : गाठ नसली तरी सेबेशियस कार्सिनोमा असू शकतो. त्याच्या पेशी पापणीच्या आतल्या अस्तरात विखरून पसरतात आणि दिसतं ते फक्त डोळे आल्यासारखं. एकाच डोळ्याची लाली औषधांना दाद देत नसेल तर ऑक्युलोप्लास्टी तज्ज्ञांना (पापण्यांच्या शस्त्रक्रिया करणाऱ्या नेत्रतज्ज्ञांना) दाखवा. निदान झालं तर रोग कुठवर पोचलाय हे कळण्यासाठी अस्तराचे अनेक ठिकाणचे छोटे तुकडे तपासावे लागतात.

प्रश्न (ठाणे) : पापणीच्या कर्करोगाच्या ऑपरेशननंतर पापणी मिटेल ना?

उत्तर : बहुतेकदा मिटते. आधी गाठ भोवतालच्या निरोगी भागासह काढतात आणि कडा रोगमुक्त आहेत का हे सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. खाच लहान असेल तर सरळ टाके पुरतात. वरच्या पापणीचा मोठा भाग गेला तर खालच्या पापणीचा भाग वर ओढून नवी पापणी घडवतात. तेव्हा काही आठवडे डोळा बंद ठेवावा लागतो. मोठ्या गाठीत कानापुढच्या आणि मानेच्या लसिकाग्रंथीही तपासतात. जखम भरली म्हणून फेरतपासण्या सोडू नका. रोग उशिराही परततो.

प्रश्न (पणजी) : आजीच्या पापणीवर जांभळट गाठ काही आठवड्यांत झपाट्याने वाढली. दुखत नाही.

उत्तर : याच आठवड्यात दाखवा. मर्केल सेल कार्सिनोमा हा त्वचेचा कर्करोग असाच दिसतो. तो फार क्वचित होतो, पण लसिकाग्रंथींत लवकर पोचतो. म्हणून शस्त्रक्रियेनंतर बऱ्याचदा रेडिएशनही देतात.

प्रश्न (पुणे) : काकांना सेबेशियस कार्सिनोमा झाला. आम्हा घरच्यांना धोका आहे का?

उत्तर : सहसा नाही. पण काकांना किंवा जवळच्या नातलगांना मोठ्या आतड्याचा किंवा गर्भाशयाचा कर्करोग झाला असेल, तर म्युइर-टोरे सिंड्रोम या आनुवंशिक आजाराचा विचार करावा लागतो. तसं असेल तर डॉक्टरांना जरूर सांगा. काकांची जनुकीय तपासणी आणि कोलोनोस्कोपी (दुर्बिणीतून मोठ्या आतड्याची तपासणी) करायची का, हे ते ठरवतील.