वाडा पडला, माती उरली: मेटल डिटेक्टरबद्दल वाचकांचे प्रश्न

प्रश्न : भगूरजवळच्या आमच्या मळ्यात पणजोबांचं कौलारू घर होतं. ते पडून तीस वर्षं झाली, आता फक्त जोतं दिसतं. मुलाने मेटल डिटेक्टर आणलाय. इंग्रजांच्या काळातलं काही मिळेल का? सुरुवात कुठून करावी?

उत्तर : पहिल्या दिवशी यंत्र घरीच ठेवा. घरातल्या सर्वांत वयस्कर बाईला जोत्यापाशी घेऊन जा आणि विचारा : दार कुठल्या तोंडाचं होतं, रांजण कुठे असायचा, न्हाणी कुठे, उकिरडा कुठे, दुपारी बाज कुठल्या झाडाखाली टाकायचे. ती बोट दाखवेल तिथे खुणेची काठी रोवा. तेव्हाचे लोक पैसे कनवटीला लावत, आणि बसता-उठता कनवट सैल होई. म्हणून नाणी सापडतात ती ओट्याच्या कडेला, विहिरीच्या काठाला, चिंचेखालच्या बाजेच्या जागी. मधल्या खोल्यांची जमीन शेणाने सारवलेली असे. पडलेला पैसा तिथे लगेच दिसायचा आणि उचलला जायचा.

नंतर जोत्याचा एक कोपरा शून्य धरा आणि दोरी लावून दोन-दोन मीटरचे चौकोन पाडा. जे निघेल त्याचा चौकोन, खोली आणि तारीख वहीत टिपा, काढण्याआधी फोटो घ्या. खड्डा लहान ठेवा, ढेकूळ अखंड काढा आणि होतं तसं परत बसवा. मळा एकत्र कुटुंबाचा असेल तर सातबाऱ्यावरच्या प्रत्येकाला आधी सांगा, पुढचे वाद टळतात.

वहीचा आग्रह मी का धरतो, ते सांगतो. 1906 साली आपल्या नाशिक जिल्ह्यातच, जोगलटेंभीला, चांदीच्या 13,000 हून अधिक नाण्यांचा साठा सापडला. नाणी क्षत्रप नहपानाची, पण त्यांतल्या दोन-तृतीयांशांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा पुन्हा मारलेला होता. सातवाहनांनी नहपानाच्या क्षहरात घराण्याला हरवलं, याचा इतका ढळढळीत पुरावा दुसरा क्वचितच असेल. साठा एकत्र राहिला आणि अभ्यासकांच्या हाती गेला, म्हणून हे कळलं. तीच नाणी चार सराफांकडे वाटली जाऊन वितळली असती तर उरली असती फक्त चांदी. तुमच्या मळ्यात सापडणारा पैसा लहान असेल, पण तो कुठे आणि कशासोबत होता हे हरवलं तर बाजारातल्या शंभर पैशांसारखाच तोही एक.

अपेक्षा काय ठेवावी? खिळे, बिजागऱ्या, बैलाच्या नाला, एखादं पितळी कुलूप. नाण्यांत कंपनी सरकारचा 1835 चा पाव आणा आणि अर्ध्या आण्याचा ढब्बू हे नेहमीचे. भोकाचा पैसा 1943 पासूनचा. नशीब असेल तर शिवराई, म्हणजे मराठेशाहीतला तांब्याचा पैसाही निघतो. मात्र नाण्यावरचा सन म्हणजे घराचा सन असं समजू नका. तांब्याचे पैसे पिढ्यान्‌पिढ्या चलनात फिरले. राणीछाप रुपयांवर तर 1862 हा एकच सन 1874 पर्यंत छापला जात होता. एका थरातलं सर्वांत अलीकडचं नाणं पाहा. तो थर त्याआधी साचलेला नाही, एवढं नक्की म्हणता येतं. जे यंत्राला ऐकू येत नाही तेही डोळ्यांनी टिपा : गोटीसोड्याच्या बाटलीतली काचेची गोटी, चिनी मातीच्या बशीचा निळा तुकडा, बासेल मिशन या ख्रिस्ती संस्थेचा शिक्का असलेलं कौल. मंगळूरला बासेल मिशनचा कौलांचा कारखाना 1865 मध्ये सुरू झाला, त्यामुळे असं कौल तारखेचा चांगला दाखला देतं.

प्रश्न : यंत्र सतत किणकिणतं, काही केल्या शांत होत नाही. दुकानदार म्हणतो मशीन चांगलं आहे. मग दोष कुणाचा? (सिन्नर)

उत्तर : दोष आपल्या मातीचा, आणि त्यावर उपाय आहे. आपला सगळा प्रदेश बेसॉल्टवर बसलेला. त्या काळ्या खडकात मॅग्नेटाइट हे लोहखनिज असतं, आणि खडक झिजून झालेल्या मातीतही ते उतरतं. यंत्राची कॉइल, म्हणजे खालची चकती, जमिनीत चुंबकीय क्षेत्र सोडते, धातूकडून आलेलं उत्तर ऐकते. आपल्याकडे मातीच उत्तर देते. जुन्या घराच्या जागी तर दुप्पट त्रास, कारण भाजलेली वीट आणि चुलीखालची जळालेली माती आणखी चुंबकीय होते.

धातू नसलेली जागा शोधा. कॉइल जमिनीलगत धरून वीतभर वर-खाली करा आणि आवाज दोन्ही वेळा सारखा येईपर्यंत ग्राउंड बॅलन्स (मातीचा आवाज वगळायची सोय) फिरवा. जागा बदलली की पुन्हा करा : मळईची माती, मुरूम आणि विटांचा ढिगारा, तिन्हींचं गणित वेगळं. सेन्सिटिव्हिटी कमी करा. सगळे ती वाढवतात आणि तिथेच फसतात. कॉइल जमिनीपासून दोन बोटं वर ठेवा. खिळ्यांच्या गर्दीत सहा इंची लहान कॉइल लावा, मोठ्या कॉइलखाली एकाच वेळी खिळा आणि नाणं आलं तर खिळा नाण्याला गिळतो. आवाज आला की नव्वद अंशांत वळून पुन्हा फिरवा. नाणं बहुधा दोन्ही बाजूंनी सारखंच बोलतं, खिळ्याचा आवाज एका बाजूने तुटतो. एवढं करूनही आपल्या मातीत नाणं पंधरा सेंटिमीटरवर ऐकू आलं तर यंत्र चांगलं समजा.

पावसाळा सरल्यावर, ओल असताना काम करा. मे महिन्यात काळी माती दगडासारखी होते, खुरप्याने तिच्यातून नाणं ओरखडा न पाडता काढणं जवळजवळ अशक्य.

प्रश्न : जुन्या नाशकातला आमचा वाडा पाडताना भिंतीच्या देवळीमागे मडकं निघालं. आत राणीछाप रुपये आहेत. कामगारांनी ते आमच्या हातात दिलं. बिल्डर म्हणतो जागा त्याच्या नावावर झाली आहे. हे कुणाचं? कुणाला सांगावं लागतं का?

उत्तर : सांगावंच लागतं, आणि लवकर. 1878 चा निखात निधीचा कायदा आजही लागू आहे. त्यात जमिनीत किंवा जमिनीला जोडलेल्या कशातही दडवलेली मौल्यवान वस्तू येते, म्हणजे वाड्याची भिंतही आली. दहा रुपयांहून जास्त किमतीचं काही सापडलं तर सापडवणाऱ्याने जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवायचं : काय, किती, कुठे, कधी. वस्तू कोषागारात जमा करायची किंवा जामीन द्यायचा. अर्जाची पोच घ्यायला विसरू नका.

मग जाहीर सूचना निघते आणि त्यानंतर चार ते सहा महिन्यांच्या दरम्यान सुनावणी होते. गेल्या शंभर वर्षांत तुमच्याच घरातल्या कुणी ते मडकं ठेवलं असा दावा असेल तर तो तिथे मांडा. जुनी चोपडी, वाटणीपत्र, काही असेल ते न्या. निधी बेवारस ठरला आणि वेगळा करार नसेल तर तीन हिस्से सापडवणाऱ्याचे, एक जागामालकाचा. सरकारला तो हवा असेल तर धातूच्या किमतीवर एक-पंचमांश जास्त देऊन ते घेऊ शकतं. लपवलं तर हिस्सा जातो आणि वर्षभरापर्यंत कैद होऊ शकते.

आणि कृपा करून एक लक्षात घ्या. ज्यांच्या पहारीला मडकं लागलं ते कामगार आहेत. सापडवणारे म्हणून अर्जात त्यांची नावं आधी यायला हवीत. त्यांनी प्रामाणिकपणे तुमच्या हातात दिलं, ते त्यांच्या हक्कावर पाणी सोडण्यासाठी दिलेलं नाही.

शंभर वर्षांपुढची नाणी 1972 च्या पुरावस्तू कायद्यातही येतात. परदेशातल्या नातेवाइकाला 'आठवण' म्हणून पाठवू नका, ते बेकायदा आहे. नाणी ओळखून हवी असतील तर अंजनेरीची नाणेसंशोधन संस्था आपल्याच जिल्ह्यात आहे.

प्रश्न : गावातले एक बुवा सांगतात, पायाळू माणसाला सोबत घ्या, अमावास्येला पूजा करा, गुप्तधन वर येईल. घरचे तयार झालेत. (त्र्यंबकेश्वर तालुका)

उत्तर : नको. पायाने जन्मलेल्याला जमिनीतलं दिसतं, याला कसलाही आधार नाही. गुप्तधनाच्या नावाने अघोरी कृत्य करणं 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्यानुसार गुन्हा आहे. अशा पूजांत माणसांचे, लहान मुलांचे जीव गेलेले आहेत. घरच्यांना हे उत्तर वाचून दाखवा. बुवा पुन्हा आला तर पोलीस ठाण्यात जा.

प्रश्न : सापडलेले पैसे हिरवे-काळे झालेत. पितांबरी लावू का?

उत्तर : लावू नका. चिंच, लिंबू, टूथपेस्ट, काहीच नको. मी पहिल्या वर्षी एक सुंदर शिवराई चिंचेने घासली. लखलखीत झाली आणि 'छत्रपति'तलं 'छ' कायमचं गेलं. आजही ती माझ्याजवळ आहे आणि पाहिली की वाईट वाटतं. गुळगुळीत हिरवट-काळा थर तांब्याला सांभाळतो. डिस्टिल्ड वॉटरमध्ये भिजवून माती सैल होऊ द्या, पाणी रोज बदला, मग सावलीत पूर्ण वाळवा. फिकट हिरवी भुकटी सुटत असेल तर तो क्लोराइडचा रोग आहे. ते नाणं इतरांपासून लगेच वेगळं करा आणि जाणकाराला दाखवा. मऊ पीव्हीसीच्या पाकिटात काहीही ठेवू नका.

प्रश्न : देवळालीकडे माळावर काडतुसांच्या पितळी नळ्या मिळतात. गोळा केल्या तर चालेल?

उत्तर : गोळीबार सरावाच्या हद्दीत यंत्र घेऊन पाऊलही टाकू नका. तिथे न फुटलेला तोफगोळा असू शकतो आणि जुना झाला म्हणून तो निवलेला नसतो. तुमच्या स्वतःच्या शेतात गोळीसकट काडतूस किंवा शेपटीचे पंख असलेला गंजका लोखंडी तुकडा दिसला तर हात लावू नका, खुरपं लावू नका. जागेवर दुरून दिसेल अशी खूण करा, गुरं आणि पोरं लांब न्या आणि 112 वर फोन करा.