हार्ड डिस्क नसलेले जुने संगणक लिनक्स सर्व्हरवरून चालवता येतील का?

तुमच्याकडे वीस जुने संगणक आहेत, प्रत्येकात २ जीबी रॅम, बहुतेकांच्या हार्ड डिस्क गेलेल्या. एक बरा सर्व्हर घेण्यापुरते पैसे आहेत. मुक्तस्रोत सॉफ्टवेअर वापरून हे सगळे त्या एका सर्व्हरवर चालतील का, असं तुम्ही विचारलंय, आणि जाता जाता ‘व्हिडिओ चालेल ना?’ असंही.

चालतील. डिस्क नसणं ही अडचणच नाही. मी असा संगणक-कक्ष बरीच वर्षं सांभाळला, तेव्हा उरलेल्या चालू डिस्कही मी स्वतःहून काढून टाकल्या होत्या. पण व्हिडिओचा प्रश्न तुम्ही शेवटी विचारलात आणि खरं तर तिथूनच सुरुवात करायला हवी. प्रोग्राम सर्व्हरवर चालवायचे की समोरच्या संगणकावर, हे त्याच्या उत्तरावर ठरतं.

अस्सल थिन क्लायंटमध्ये सगळे प्रोग्राम सर्व्हरवर चालतात. समोरचा संगणक, म्हणजे क्लायंट, फक्त कीबोर्ड-माऊसच्या हालचाली तिकडे पाठवतो आणि तिकडून आलेलं चित्र दाखवतो. लिखाण, हिशेबाचे तक्ते, प्रोग्रामिंगचा सराव यांसाठी ही पद्धत फार सुंदर चालते. पहिल्या माणसाने लिबरऑफिस उघडलं की ते सर्व्हरच्या मेमरीत येतं आणि पुढच्या एकोणीस जणांसाठी क्षणात उघडतं. त्या प्रोग्रामचा कोड मेमरीत एकदाच राहतो, वीस वेळा नाही. हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला मनापासून आनंद झाला होता.

मग एके दिवशी सगळ्यांनी एकदम एक व्हिडिओ उघडला आणि वीसच्या वीस पडद्यांवरचे माऊस जागच्या जागी थिजले. गणित करून पाहा. १९२० गुणिले १०८० ठिपके, प्रत्येकाला २४ बिट, सेकंदाला ३० चित्रं, म्हणजे सेकंदाला जवळपास १.५ गिगाबिट. सर्व्हरची गिगाबिट केबल एका माणसाच्या कच्च्या चित्रालाही पुरत नाही. एक्सटूगो किंवा एक्सआरडीपी ही दूरचा डेस्कटॉप दाखवणारी सॉफ्टवेअर चित्र दाबून पाठवतात हे खरं, पण मग सर्व्हरला व्हिडिओ आधी उलगडावा लागतो आणि पुन्हा दाबावा लागतो, तेही वीस जणांसाठी. त्या कामात प्रोसेसर गुदमरतो.

म्हणून तुम्हाला मी दुसरी पद्धत सुचवेन. डिस्क नसलेला संगणक नेटवर्कवरून सुरू करायचा, ऑपरेटिंग सिस्टिम सर्व्हरवरून घ्यायची, पण प्रोग्राम त्याच संगणकाच्या प्रोसेसरवर आणि रॅममध्ये चालवायचे. यालाच फॅट क्लायंट म्हणतात. व्हिडिओ दाबलेल्या स्वरूपातच क्लायंटपर्यंत पोहोचतो आणि तिथेच उलगडतो, त्यामुळे नेटवर्कवर फार थोडा भार पडतो.

यासाठी एलटीएसपी, म्हणजे लिनक्स टर्मिनल सर्व्हर प्रोजेक्ट वापरा. हा प्रकल्प १९९९ पासून चालू आहे. मात्र २०१९ मध्ये तो नव्याने लिहिला गेला, त्यामुळे जुनी मार्गदर्शनं वाचताना सावध राहा. ज्या लेखात क्लायंटसाठी वेगळं चरूट (सर्व्हरवरच एका फोल्डरात बसवलेली दुसरी सिस्टिम) बांधायला सांगितलं असेल तो जुन्या पाचव्या आवृत्तीचा समजा आणि सोडून द्या. आता सर्व्हरवर जी सिस्टिम बसवली आहे तिचीच स्क्वॉशएफएस प्रतिमा (सगळी सिस्टिम दाबून भरलेली एकच फाइल) बनते आणि सगळे क्लायंट तीच वापरतात. सर्व्हरवर एखादा प्रोग्राम बसवला, प्रतिमा पुन्हा बनवली, की क्लायंट पुढच्या वेळी सुरू होताना तो सगळीकडे हजर.

आतलं काम असं चालतं: क्लायंटचं नेटवर्क कार्ड पीएक्सई (नेटवर्कवरून संगणक सुरू करण्याची सोय) वापरून आयपी पत्ता मागतं, मग आयपीएक्सई हा सुरुवातीचा छोटा प्रोग्राम लोड होतो, तो कर्नल (सिस्टिमचा गाभा) आणि इनिटआरडी (सुरू होताना लागणाऱ्या फायलींचा गठ्ठा) आणतो, आणि मूळ प्रतिमा एनएफएसवरून, म्हणजे नेटवर्कवरून फायली वापरू देणाऱ्या पद्धतीने, फक्त वाचण्यापुरती जोडली जाते. बदल रॅममध्ये राहतात आणि संगणक बंद केला की पुसले जातात. लॉगिन सर्व्हरकडे एसएसएच या सुरक्षित जोडणीने तपासलं जातं आणि प्रत्येकाचं होम फोल्डर त्याच जोडणीवरून एसएसएचएफएसने येतं, त्यामुळे कोणीही कुठल्याही संगणकावर बसलं तरी आपल्याच फायली दिसतात. तुमचा राउटर आधीच पत्ते वाटत असेल तर त्याला हात लावू नका. सर्व्हरवरचा डीएनएसमास्क हा प्रोग्राम प्रॉक्सी पद्धतीने, म्हणजे स्वतः पत्ते न वाटता फक्त सुरू होण्याची माहिती देत, त्याच्या शेजारी काम करतो.

नवीन वापरकर्ता जोडला की ‘एलटीएसपी इनिटआरडी’ ही आज्ञा पुन्हा चालवायची. हे हमखास विसरलं जातं आणि मग पासवर्ड बरोबर असूनही लॉगिन का होत नाही हे शोधत बसावं लागतं.

आता तुमची खरी अडचण, रॅम. २ जीबीमध्ये एक्सएफसीई किंवा एलएक्सक्यूटीसारखा हलका डेस्कटॉप नीट चालतो, पण ब्राउझरचे चार-पाच टॅब उघडले की संपलं. झेडरॅम (रॅममधला मजकूर दाबून ठेवण्याची सोय) थोडी मदत करतं, चमत्कार नाही. रॅमच्या पट्ट्या एकाच प्रकारच्या असतील आणि खाचा रिकाम्या असतील तर मी सरळ दहा संगणकांतली रॅम काढून उरलेल्या दहांत घालेन. दहाच संगणक होतील, पण ते ४ जीबीचे आणि मनापासून वापरावेसे वाटणारे असतील. किंवा सर्व्हरवर कमी खर्च करून तो पैसा जुन्या रॅममध्ये घाला. फॅट क्लायंटसाठी सर्व्हरला अवाढव्य प्रोसेसर लागत नाही. चांगली एसएसडी आणि गिगाबिट नेटवर्क या दोन गोष्टींत मात्र काटकसर करू नका. सगळ्या संगणकांच्या केबली जोडणारा स्विच १०० मेगाबिटचा असेल तर आधी तो बदला.

खरेदीपूर्वी आणखी एक गोष्ट तपासा: प्रोसेसर ६४ बिटचे आहेत का. यूएसबीवरून कुठलंही लिनक्स सुरू करून ‘एलएससीपीयू’ ही आज्ञा चालवली की कळतं. ३२ बिटचे निघाले तर त्यांना सर्व्हरची प्रतिमा चालणार नाही, वेगळी बनवावी लागेल. डेबियन १२ मध्ये ती सोय आहे, पण १३ पासून ३२ बिट पीसीसाठी इन्स्टॉलरच येत नाही. असे संगणक मी या कामात घेणार नाही.

आणि माझे दोन दिवस ज्यात गेले ती गोष्ट. क्लायंट पत्ता मागायचा आणि ‘उत्तर नाही’ म्हणून थांबायचा. सर्व्हरच्या लॉगमध्ये काहीच नाही. शेवटी दोष स्विचमध्ये निघाला. त्यात स्पॅनिंग ट्री (केबलींचं वेटोळं तर झालं नाही ना, ही तपासणी) चालू होतं, त्यामुळे केबल जिवंत झाल्यावर सुमारे ३० सेकंद पोर्ट काही पुढे पाठवतच नव्हता, आणि पीएक्सई त्याआधीच हार मानत होतं. क्लायंटच्या पोर्टवर ही वाट न पाहायला लावणारं पोर्टफास्ट लावलं आणि सगळे सुरू झाले. साध्या, मॅनेज न होणाऱ्या स्विचमध्ये हा त्रास सहसा येत नाही.

सर्व्हर बंद पडला की सगळा कक्ष बंद, हे गृहीत धरा. त्याला यूपीएस द्या आणि होम फोल्डरांची प्रत रोज दुसऱ्या डिस्कवर जाऊ द्या. सगळ्यांचे पडदे एका जागेवरून पाहायला एपॉप्टीस हा प्रोग्राम बसवा, शिकवताना फार उपयोगी पडतं.

सर्व्हर घेण्याआधी घरच्या एखाद्या डेस्कटॉपवर एलटीएसपी बसवून या वीसांपैकी दोन संगणक त्यावरून सुरू करा. दोन्हीवर एकदम व्हिडिओ लावा, ब्राउझरचे टॅब उघडत जा आणि किती मेमरी उरते ते बघा. रॅम घ्यायची की सर्व्हर, हे त्या एका संध्याकाळी तुम्हाला कळेल.